जांभळ्या पानांची झाडे

जांभळ्या पानांची झाडे : फुलाफळांसाठी नव्हे, तर पानांच्या जांभळ्या, किरमिजी किंवा काळपट जांभळ्या रंगासाठी घरात आणि बागेत लावली जाणारी शोभेची झाडे. यांचे कूळ एक नाही. ट्रॅडेस्कँशिया, ऑक्सालिस, कोलियस, पर्शियन शील्ड यांचे एकमेकांशी जवळचे नाते नाही. केवळ रंगामुळे ती एका मांडवाखाली आली आहेत. आंब्याची कोवळी पालवीही तांबूस-जांभळी असते, पण पान जून झाले की हिरवे होते. या नोंदीतली झाडे जून पानातही रंग धरून ठेवतात, अर्थात जागा मानवली तर. रोपवाटिकेतून आणलेले गर्द जांभळे झाड दोन महिन्यांत हिरवट, लांबट होऊन बसले, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. दोष बहुतेक वेळा खताचा वा पाण्याचा नसतो. उजेड कमी पडलेला असतो.

रंगद्रव्ये : जांभळ्या पानात हरितद्रव्य नसते, हा समज चुकीचा आहे. ते असतेच, त्यावर अँथोसायनिन या रंगद्रव्याचा पडदा असतो इतकेच. हे घरी पाहता येते. पर्पल हार्ट या ट्रॅडेस्कँशियाची चार पाने बारीक चिरून वाटीत घ्यावीत आणि त्यांवर उकळते पाणी ओतावे. थोड्या वेळाने पाण्याला जांभळट रंग चढतो आणि पानांचे तुकडे हिरवे पडतात. अँथोसायनिन पाण्यात विरघळते, हरितद्रव्य विरघळत नाही. जांभळे खाल्ल्यावर जिभेवर उमटतो तो रंग याच गटातला, आणि गोकर्णाच्या फुलांच्या निळ्या पाण्यात लिंबू पिळल्यावर ते जांभळे होते तेही याच गटाच्या गुणामुळे : आम्लात हा रंग लालीकडे झुकतो, सोड्यासारख्या अल्कलीत निळसर-हिरव्याकडे.

लाल माठाचा रंग मात्र वेगळ्या घराण्यातला. भाजीच्या रसाने भात गुलाबी होतो आणि वर लिंबू पिळले तरी फारसा बदलत नाही, कारण माठात, बीटात आणि त्यांच्या शोभेच्या भाऊबंदांत (अल्टरनँथेरा, आयरेसिन) बीटालेन ही रंगद्रव्ये असतात. अँथोसायनिन आणि बीटालेन ही दोन्ही एकाच झाडात एकत्र आढळलेली नाहीत. एकाच गादीवाफ्यात शेजारी लावलेली दोन जांभळी झाडे रसायनाच्या दृष्टीने अशी परकी असू शकतात.

अकरावी-बारावीला विज्ञान घेतलेल्यांनी हा रंग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेला असतो. प्लाझ्मोलिसिसच्या (पाणी बाहेर गेल्याने पेशीतला ऐवज आकसण्याच्या) प्रात्यक्षिकासाठी ऱ्हिओ या ट्रॅडेस्कँशियाच्या पानाचा खालचा जांभळा पापुद्रा ब्लेडने सोलतात. काचपट्टीवर मिठाचे वा साखरेचे दाट द्रावण घातले की पेशीतला जांभळा ऐवज भिंती सोडून मधोमध आकसतो. रंग पेशीच्या रिक्तिकेत, म्हणजे आतल्या रसाच्या पिशवीत, भरलेला असतो, म्हणून ते आकसणे इतके स्पष्ट दिसते. बिनरंगी पापुद्र्यात डोळे ताणूनही नीट कळत नाही.

पानाला हा पडदा कशासाठी हवा असतो, याचे सर्वांत पटणारे उत्तर म्हणजे उन्हापासून आडोसा. प्रखर प्रकाशातला काही भाग अँथोसायनिन शोषून घेते आणि आतल्या हरितद्रव्यावरचा ताण कमी करते. ऊन कमी झाले की आडोशाची गरजही कमी होते आणि पडदा विरळ होतो. थंडीतही रंग गडद होतो. पुण्या-नाशिककडे डिसेंबर-जानेवारीत पर्पल हार्ट सर्वांत देखणे दिसते ते यामुळेच. एरवी हिरव्या असणाऱ्या झाडावर जांभळी झाक आली तर मात्र हरखून जाऊ नये. मक्याच्या वा टोमॅटोच्या रोपाची पाने जांभळट होणे हे अनेकदा स्फुरद (फॉस्फरस) कमी पडल्याचे लक्षण असते.

प्रमुख झाडे : महाराष्ट्रात सर्वांत सर्रास दिसणारे जांभळे झाड म्हणजे पर्पल हार्ट (ट्रॅडेस्कँशिया पॅलिडा). मूळचे मेक्सिकोचे. 1911 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन झाले तेव्हा ते सेटक्रिशिया या प्रजातीत होते. जुन्या माळ्यांच्या तोंडी अजूनही ते नाव येते. गंमत अशी, की ‘पॅलिडा’ म्हणजे फिकट, आणि बागेत याच्याइतके गडद दुसरे झाड क्वचितच असते. खोड रसाळ, सांधेदार आणि ठिसूळ असते. जाता-येता पिशवी लागली तरी फांदी मोडते आणि मोडलेला तुकडा पडल्या जागी मुळे धरतो. तीन पाकळ्यांची लहान गुलाबी फुले सकाळी उमलतात व दुपारपर्यंत मिटतात. या फुलांच्या कळ्यांना प्रयोगशाळेतही मागणी आहे : परागकण तयार होताना पेशींत सूक्ष्मकेंद्रके (गुणसूत्रांना इजा झाल्याची खूण असलेले मुख्य केंद्रकाबाहेरचे बारीक ठिपके) किती दिसतात हे मोजून ब्राझीलमधील संशोधकांनी साओ पाउलोसारख्या शहरांतल्या हवेच्या प्रदूषणाचा अंदाज घेतला आहे. सोसायटीच्या फाटकाशी धूळ खात उभ्या असलेल्या झाडाला एवढे काम येते, हे पुष्कळांच्या गावी नसते.

याच प्रजातीतला ऱ्हिओ (ट्रॅडेस्कँशिया स्पॅथेशिया) वरून हिरवा आणि खालून जांभळा असतो; झेब्रिनाच्या पानावर चंदेरी पट्टे असतात. झेब्रिना टांगत्या कुंडीत शोभते. ऱ्हिओ जमिनीवर, कडेने.

पर्शियन शील्डच्या नावात इराण असला तरी झाड म्यानमारचे आहे. शास्त्रीय नाव स्ट्रोबिलँथस डायरियाना. लंडनच्या क्यू उद्यानाचे संचालक विल्यम थिसल्टन-डायर यांच्यावरून ते पडले. सह्याद्रीत सात-आठ वर्षांनी एकदा डोंगर जांभळे करणारी कारवी याच स्ट्रोबिलँथस प्रजातीतली. कारवीचा जांभळा फुलात आहे, हिचा पानात. पानावर चांदीचा वर्ख चढवल्यासारखी चमक असते, शिरा तेवढ्या गर्द हिरव्या. रंग कोवळ्या पानांत सर्वांत चांगला असतो, म्हणून शेंडे खुडत राहावे लागते. कोकणच्या दमट हवेत आणि गाळीव उन्हात हे झाड खूश असते. विदर्भातल्या मे महिन्यात ते जगवणे म्हणजे हौसेचा कडेलोट.

ऑक्सालिस ट्रँग्युलॅरिस हे कुंपणाकडेला उगवणाऱ्या आंबुशीचे दक्षिण अमेरिकेतले नातलग. तीन त्रिकोणी जांभळी दले संध्याकाळी छत्रीसारखी मिटतात व सकाळी उघडतात. याच्याबाबत एक चूक हमखास होते. वर्षातून केव्हातरी, बहुधा कडक उन्हाळ्यात, सगळी पाने झडून कुंडी रिकामी दिसते आणि लोक ती माती ओतून देतात. खाली कंद जिवंत असतात. पाणी जवळजवळ बंद करून कुंडी सावलीत सरकवावी. महिना-दीड महिन्यात नवी पाने डोके वर काढतात.

कोलियसच्या काही जाती, अकॅलिफा, जावामधून आलेली मखमली पानांची गायनुरा (फुलांना वास घाण येतो, कळ्या खुडलेल्या बऱ्या), काळपट पानांचा शोभेचा रताळ्याचा वेल आणि पर्पल वॅफल ही आणखी काही नावे. शोभेपलीकडे पाहिले तर जांभळा रंग आपल्या परसात आधीपासून आहे : काळपट देठाचे वडीचे अळू आणि वृंदावनातली कृष्ण तुळस. तुळस उन्हात काळी-जांभळी होते आणि गॅलरीच्या सावलीत हिरवटते. उजेडाचा नियम तिलाही चुकलेला नाही.

लागवड : पर्पल हार्ट, अकॅलिफा, अल्टरनँथेरा आणि रताळ्याचा वेल यांना रोज किमान चार-पाच तास थेट ऊन हवे. पर्शियन शील्ड, ऑक्सालिस, गायनुरा आणि बहुतेक कोलियस यांना सकाळचे कोवळे ऊन व नंतर उजळ सावली पुरते. उजेड पुरेसा आहे का हे पाहायला यंत्र लागत नाही. दुपारी कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवून वीतभर उंचीवर हात धरावा. सावलीची कड रेखीव दिसली तर जागा चांगली. नुसता धूसर डाग दिसला तर तिथे जांभळे झाड ठेवू नये. प्रस्तुत लेखकाने उत्तरेच्या खिडकीत ठेवलेल्या पर्पल हार्टच्या फांदीवर तर हिशेबच लिहिलेला होता : खालची चार पाने रोपवाटिकेतल्या उन्हाची, गर्द, त्यावरची राखी-जांभळी, शेंड्याची सरळ हिरवी, आणि दोन पानांमधले अंतर दुप्पट. अशी फांदी छाटून झाड उन्हात हलवले की नवी पाने रंग घेऊन येतात. हलवताना मात्र आठ-दहा दिवस टप्प्याटप्प्याने ऊन वाढवावे, नाहीतर पाने भाजतात.

माती निचऱ्याची हवी. लाल माती, वाळू आणि कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत हे मिश्रण बहुतेकांना चालते. ऑक्सालिस व पर्शियन शील्डसाठी थोडे कोकोपीट मिसळावे. खताचा हात आखडता ठेवावा. नत्र जास्त झाले की झाड माजते, पाने मोठी आणि हिरवट होतात, आणि ज्या रंगासाठी लावले तोच उडतो. पर्पल हार्टला दोन पाण्यांमध्ये माती वरून कोरडी पडू द्यावी. कोलियस पाण्याला चुकले की तासाभरात मान टाकते, पण पाणी मिळताच उभेही राहते.

पावसाळा या झाडांची परीक्षा असतो. कोकणात आणि मुंबईत ढगाळ हवेने रंग फिका होतोच, शिवाय रसाळ खोडे बुडाशी सडतात. कुंडीखालच्या बशा जूनमध्येच काढून ठेवाव्यात. गोगलगायी कोलियसची चाळण करतात. संध्याकाळी बॅटरी घेऊन त्या वेचून काढणे हाच खात्रीचा उपाय. मात्र फाटे लावायला हाच काळ उत्तम. तीन-चार पेरांचा तुकडा खालची पाने काढून ओल्या मातीत खोचला की ट्रॅडेस्कँशिया आणि कोलियस आठवडा-दहा दिवसांत मूळ धरतात. उन्हाळ्यात पिठ्या ढेकूण पानांच्या बेचक्यात बसतो आणि कोरड्या हवेत ऑक्सालिसवर लाल कोळी येतो. पहिल्यासाठी साबणाचे सौम्य पाणी, दुसऱ्यासाठी पानांच्या खालून पाण्याचा फवारा.

थंड प्रदेशांतली जांभळी झाडे वेगळी. इराणच्या शहाच्या पदरी असलेल्या पिसार नावाच्या फ्रेंच माळ्याने 1880 च्या सुमारास फ्रान्सला पाठवलेले जांभळ्या पानांचे प्लम, जपानी मेपल, आणि 1991 मध्ये अमेरिकेत ‘वर्षाचे बहुवर्षायू झाड’ ठरलेले ‘पॅलेस पर्पल’ ह्यूकेरा ही तिकडची नेहमीची नावे. त्यांना खरा हिवाळा लागतो, त्यामुळे फोटो पाहून ती ठाण्यात किंवा नागपुरात लावण्याचा हट्ट धरू नये. उलट आपल्याकडचे पर्पल हार्ट तिकडे थंडीत घरात, खिडकीशी घ्यावे लागते.

ट्रॅडेस्कँशियाचा रस काहींच्या हाताला खाजतो आणि कुत्र्यांच्या पोटाला-पायांना पुरळ आणतो. छाटताना हातमोजे घालावेत. ऑक्सालिसमध्ये ऑक्झॅलिक आम्ल असल्याने ते मांजर-कुत्र्यांच्या तोंडी लागू देऊ नये. छाटणीचा कचराही कुठेही टाकू नये. ऱ्हिओ अमेरिकेतल्या फ्लोरिडात बागेतून रानात शिरला आणि आक्रमक वनस्पतींच्या यादीत गेला. पर्पल हार्टचा तुकडाही ओढ्याकाठच्या ओल्या मातीवर सहज रुजतो. कापलेल्या फांद्या दोन दिवस फरशीवर कडक उन्हात वाळवाव्यात आणि मग कंपोस्टमध्ये टाकाव्यात. ओल्या टाकल्या तर ढिगातून पुन्हा पालवतात.