सायकलची सीट : लेडीज, जेन्ट्स आणि मापाचा प्रश्न

सायकलची सीट म्हणजे मागे रुंद आणि पुढे निमुळती होत गेलेली, चालवणाऱ्याचे निम्म्याहून अधिक वजन पेलणारी बैठक. उरलेले वजन पायडल आणि हँडल वाटून घेतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि पलीकडे हल्याळ-कारवारपर्यंतच्या सीमाभागात दुकानात नवी सीट मागितली की पहिला प्रश्न येतो, “लेडीज की जेन्ट्स?” दुकानाची पाटी कन्नड असो वा मराठी, आत हे दोन शब्द तेच राहतात. या प्रश्नाच्या उत्तरावरून कुठली सीट फळीवरून खाली येणार ते ठरते. ती बसणाऱ्याला सोसेल की नाही, याचा त्या उत्तराशी संबंध थोडाच. तो असतो बसण्याच्या हाडांमधल्या अंतराशी, बसण्याच्या ढबीशी आणि सीट कशी कसली आहे त्याच्याशी.

सायकलवर माणूस मांसावर बसत नाही. श्रोणीच्या, म्हणजे कमरेखालच्या हाडांच्या सांगाड्याच्या, तळाशी आसनास्थीची (बसण्याच्या हाडांची) दोन बोथट टोके असतात, त्यांवर तो बसतो. कठीण पायरीवर बसून तळहात खाली सरकवले की दोन्ही बाजूंना ती हाताला लागतात. त्यांच्या मध्यबिंदूंमधले अंतर बहुतेक प्रौढांत १०० ते १४० मिलिमीटरच्या आसपास असते. स्त्रियांची श्रोणी तुलनेने रुंद असल्याने सरासरी अंतर त्यांच्यात थोडे जास्त भरते. मात्र दोन सरासऱ्यांमधला हा फरक फार तर एक-दोन सेंटिमीटरचा आहे, आणि दोन पुरुषांमध्ये किंवा दोन बायकांमध्ये त्याहून मोठा फरक सहज सापडतो. कमरेचा घेर किंवा वजन पाहूनही अंदाज येत नाही. तालमीतल्या धिप्पाड पैलवानाचे अंतर १०५ आणि त्याच्या सडपातळ बहिणीचे १३५ भरू शकते, किंवा नेमके उलटे.

या दोन टोकांच्या मधला भाग मऊ असतो आणि त्यातून नसा व रक्तवाहिन्या जातात. सीट अरुंद पडली तर हाडे तिच्या कडेवरून घसरतात आणि भार या मऊ भागावर येतो. मग मुंग्या, बधिरपणा, आग. सीट गरजेपेक्षा रुंद असली तर मांडीची आतली बाजू घासते, चालवणारा नकळत पुढे सरकतो आणि निमुळत्या टोकावर येऊन बसतो, म्हणजे पुन्हा भार त्याच मऊ भागावर. कारणे परस्परविरुद्ध, पण गिऱ्हाईक दोन्ही वेळा “सीट टोचते” एवढेच सांगते, आणि दुकानदार दोन्ही वेळा एकच उपाय काढतो : जेलचे कव्हर.

हे कव्हर जितके खपते तितके ते उपयोगाचे नाही. फार मऊ गादीत हाडे खोल रुततात आणि मधला फुगवटा वर येऊन नेमका नको तिथे दाबतो. गणपत गल्लीपर्यंत भाजीला जाऊन येण्यापुरते बरे वाटते. तासाभराच्या रपेटीत तीच सीट नकोशी होते. माप बरोबर असेल तर काहीशी टणक सीटच लांब पल्ल्याला सुखाची ठरते. सीट जुनी होऊन फोम बसला आणि खालचा पत्रा लागू लागला असेल, तर मात्र कव्हरवर पैसे न घालवता सीटच बदलावी.

लेडीज सीट मागे रुंद आणि पुढे आखूड का असते, याचे उत्तर शरीरापेक्षा कपड्यांत आणि हँडलमध्ये अधिक आहे. लांब टोकात झगा किंवा साडीचा घोळ अडकतो, म्हणून टोक आखूड केले. बायकांच्या सायकलींचे हँडल उंच आणि मागे वळलेले, त्यामुळे बसणे ताठ, म्हणून मागची बाजू रुंद केली. आज सलवार-कमीज किंवा ट्रॅक पँट घालून पुढे वाकून धरायच्या हँडलची सायकल चालवणाऱ्या मुलीला या दोन्ही कारणांचा काही उपयोग नाही, तरी सीट तीच पुढे केली जाते. बायकांसाठी मधली जागा मोकळी सोडलेल्या ‘आरोग्यदायी’ सीटा पाश्चात्त्य देशांत १८९० च्या दशकातच विकल्या जात होत्या. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत जॉर्जिना टेरी यांच्या कंपनीने मधोमध पोकळी ठेवलेली स्त्रियांसाठीची सीट काढली. पुढे तशाच सीटा पुरुषांसाठीही आल्या. १९९७ मध्ये सीटच्या दाबाचा आणि पुरुषांच्या लैंगिक तक्रारींचा संबंध तिथल्या सायकल मासिकांतून गाजला, आणि मधली पोकळी सर्वांच्याच सीटवर आली. आखूड टोकाचेही तेच झाले. स्पेशलाइज्ड कंपनीने २०१५ मध्ये आणलेली ‘पॉवर’ ही आखूड टोकाची सीट शर्यतीतले पुरुष आणि स्त्रिया दोघेही वापरू लागले. जी वैशिष्ट्ये आपल्याकडे अजून लेडीज म्हणून ओळखली जातात, ती महागड्या शर्यती सायकलींवर केव्हाचीच सर्वांची झाली आहेत.

बसण्याची ढब बदलली की त्याच माणसाला लागणारी सीटही बदलते. ताठ बसले की सगळा भार मागच्या दोन टोकांवर, म्हणून रुंद, स्प्रिंगची सीट चालते. पुढे वाकले की श्रोणी पुढे कलते, भार हाडांच्या पुढच्या, एकमेकांजवळ येत जाणाऱ्या भागावर सरकतो आणि अरुंद सीट पुरते. यळ्ळूरच्या बाजूने राजहंसगडाचा चढ चढताना हे अंगाने कळते. चढावर माणूस मागे सरकून जोर लावतो आणि सीटचा रुंद भाग वापरतो. चढ फारच तीव्र झाला की पुढे टोकावर येतो. चिकोडी-रायबागच्या उसाच्या सपाट पट्ट्यात तासन्‌तास एकाच जागी बसणे होते, तिथे ढब बदलतच नाही. अशा रस्त्यावर दर दहा-पंधरा मिनिटांनी काही क्षण पायडलवर उभे राहून रक्त खेळू द्यावे.

सीमाभागातला खरा गुंता घरात आहे. इथे सायकल बहुधा एकाची नसते. सकाळी वडील ती घेऊन उद्यमबागेतल्या फाउंड्रीत जातात, सुट्टीच्या दिवशी मुलगी क्लासला, संध्याकाळी आई दळणाला. कर्नाटक सरकारने २००६-०७ मध्ये आठवीच्या विद्यार्थ्यांना मोफत सायकली देण्याची योजना सुरू केली, तेव्हा खेड्यापाड्यांतल्या मराठी शाळांच्या मुलामुलींनाही त्या मिळाल्या. मुलींसाठीची सायकल दांडा नसलेली. घरात आल्यावर तिच्यावर पहिला हक्क सांगणारे अनेकदा आजोबा असत, कारण धोतर सावरून पाय टाकायला तीच सोपी. फ्रेमचे लेडीज-जेन्ट्स असे व्यवहारात कधीच गळून पडले. सीटचे मात्र राहिले, आणि ते का राहावे याला सवयीशिवाय दुसरे कारण दिसत नाही. “अक्का, तुम्हाला लेडीजच लागणार,” असे म्हणणारा दुकानदार वाईट हेतूने म्हणत नाही; त्याच्याकडे मोजायची दुसरी पट्टीच नसते.

ती पट्टी फुकटात तयार होते. किराणा दुकानातल्या खोक्याचा नालीदार पुठ्ठा घ्यावा, कठीण पायरीवर ठेवावा, पातळ कपड्यावर त्यावर बसावे आणि टाचा थोड्या उचलून, सायकलवर वाकतो तितकेच पुढे वाकावे. मिनिटभराने उठले की पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतात. उजेड आडवा पाडला तर ते स्पष्ट होतात. खडू घासला तर आणखीच. दोन्ही खळग्यांच्या मध्यांमधले अंतर मोजावे. सीटच्या कडा गोलाकार उतरत असल्याने तिची सगळी रुंदी कामाला येत नाही, म्हणून ताठ बसणाऱ्याने त्यात सुमारे तीन सेंटिमीटर मिळवावेत, वाकून चालवणाऱ्याने दोन किंवा थोडे कमी. म्हणजे ११५ मिलिमीटर अंतर असलेल्या आणि पुढे वाकून चालवणाऱ्या व्यक्तीला १३५ च्या आसपासची सीट लागेल, मग ती व्यक्ती कोणीही असो. चांगल्या कंपन्यांच्या सीटवर किंवा खोक्यावर १३०, १४३, १५५ असे आकडे छापलेले असतात. साध्या सीटवर काही नसते. दुकानातच फूटपट्टी लावावी. लाजण्यासारखे त्यात काही नाही, पायाचे माप दिल्याशिवाय चप्पल कोणी घेत नाही.

माप जुळूनही त्रास राहिला तर दोष बहुतेक वेळा बसवण्यात असतो. सीट फार उंच असली की पायडल गाठायला कंबर डावी-उजवीकडे डुलते आणि घासून कातडी सोलवटते. टाच पायडलवर ठेवून पाय खाली नेला असता गुडघा जेमतेम सरळ व्हावा, ही जुनी खूण अजूनही पुरेशी आहे. चवडा ठेवल्यावर मग गुडघ्यात थोडा वाक आपोआप राहतो. एकाच सायकलवर घरातले तिघे बसत असतील तर सीटच्या नळीवर प्रत्येकाच्या उंचीची रेघ ओढून ठेवावी. टोक वर उचललेले असेल तर मऊ भागावर दाब येतो. फार खाली झुकवले तर अंग पुढे घसरून मनगटे दुखतात. सुरुवात सपाटीपासून करावी आणि गरज पडली तर टोक अगदी किंचित खाली घ्यावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कशाने बरे वाटले ते कळत नाही.

बधिरपणा हा सवयीने जाणारा त्रास समजला जातो, तो समज चुकीचा आहे. नव्या सीटवर हाडांच्या जागी पहिले काही दिवस दुखते, ते सवयीने जाते. मुंग्या आणि बधिरता हे दाबाचे लक्षण आहे आणि सीट किंवा तिचा कोन बदलूनच जाते. सायकल हेच ज्यांचे कामाचे साधन, उदाहरणार्थ सायकलवरचे पोलीस, त्यांच्यासाठी अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने २००९ मध्ये टोकच नसलेली सीट सुचवली होती. दिवसाचे बरेच तास सायकलवर काढणाऱ्या इथल्या पेपरवाल्यांनाही हा धोका लागू पडतो. शाळकरी मुली हा त्रास घरी बोलत नाहीत, “पाय दुखतात” म्हणतात किंवा सायकल नेणेच सोडतात. मुलगी अचानक चालत जाऊ लागली तर आईने सीटकडे एकदा पाहावे.

चामड्याच्या सीटचा विचार इथे वेगळा करावा लागतो. बर्मिंगहॅमच्या जॉन बोल्टबी ब्रुक्स यांनी १८८२ मध्ये सीटचे पेटंट घेतले. लोखंडी सांगाड्यावर ताणलेल्या चामड्याच्या त्यांच्या कंपनीच्या सीटा आजही मिळतात. अशी सीट सुरुवातीला फळीसारखी कडक असते आणि वापरता वापरता बसणाऱ्याच्या हाडांच्या जागी खळगे पडून त्याचीच होते. लेडीज-जेन्ट्सचा प्रश्न तिथे आपोआप मागे पडतो, पण घरातल्या तिघांनी वापरायच्या सायकलवर तिचा उपयोग नाही. शिवाय ती सगळीकडे टिकत नाही. अथणीकडच्या कोरड्या हवेत अधूनमधून खालच्या बाजूने मेण दिले की पुरते. पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीच्या पावसात मात्र ती भिजून सैल पडते, बुरशी धरते, आणि ओल्या चामड्यावर बसले तर मधोमध झोळ पडतो, तो चामडे ताणायचा नट कितीही आवळला तरी पुरता निघत नाही. त्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर रेक्झिनची साधी सीट लावावी आणि चामड्याची कोरडी करून घरात माळ्यावर ठेवावी. रेक्झिनलाही शिवणीतून पाणी शिरतेच. रात्री सीटवर प्लॅस्टिकची पिशवी बांधून ठेवली की सकाळी ओल्या फोमवर बसावे लागत नाही.