शेवटचा स्वर विरेपर्यंत

आपल्याकडे ऑर्गन म्हटलं की संगीत नाटकातला, पायाने भाता मारायचा ऑर्गन आठवतो. त्यात पितळी पट्ट्या थरथरतात. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये हेन्री विलिस यांनी १८७२ मध्ये बांधलेला ऑर्गन वेगळ्या जातीचा होता. त्यातल्या बहुतेक नळ्यांमध्ये हवाच गाते. मोठ्या ऑर्गनमधली ३२ फुटी नळी सेकंदाला सुमारे १६ कंपनं निर्माण करते. इतका खालचा स्वर कानाला जेमतेम ऐकू येतो, पण बाकावर टेकलेल्या हाताला आणि छातीला तो नक्की कळतो. व्हिक्टोरियन काळातल्या भाविकाने संगीत ऐकलं ते असं, अंगभर.

त्याआधी गावोगावच्या चर्चमध्ये दाराकडच्या सज्जात सारंगीसारखी व्हायोलिनं, क्लॅरिनेट आणि बासून हे खर्जातलं फुंकवाद्य घेऊन गावकरीच वाजवत. १८४० नंतर हे सज्जे हळूहळू रिकामे झाले. लीड्सच्या पॅरिश चर्चमध्ये १८४१ पासून पांढरे झगे घातलेला गायकवृंद वेदीजवळ बसू लागला आणि ती रीत देशभर पसरली. १८५८ मध्ये उपासनेसाठी खुलं झालेलं कुलाब्याचं अफगाण चर्चही याच विचाराने बांधलेलं आहे. गाणाऱ्यांची जागा बदलली, तसं ऐकणंही बदललं.

कारण आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. गायकवृंदापासून ३४ मीटरवर बसलेल्या माणसाला स्वर एक दशांश सेकंद उशिरा पोहोचतो. तो ऐकून गाऊ लागला की मागे पडतो. मोठ्या कॅथेड्रलमध्ये भाविकांचं गाणं गायकांच्या मागून घरंगळत यायचं ते यामुळेच.

त्यात घुमारा. दगडी सभामंडपात भजन ऐकलेल्यांना तो ओळखीचा आहे. टाळ थांबले तरी मंडप थांबत नाही. सेंट पॉलच्या घुमटाखाली स्वर कित्येक सेकंद रेंगाळतो. भरभर सुरावट गायली तर मागचे स्वर पुढच्यांवर चढतात आणि सगळा गोंधळ होतो. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या पद्धतीचं स्तोत्रगान मला म्हणूनच फार शहाणपणाचं वाटतं. ओळीतले बरेचसे शब्द एकाच स्वरमेळावर म्हणायचे आणि शेवटी मोजकेच स्वर बदलायचे. स्वरमेळ तोच असल्यामुळे मागचा घुमारा त्याला बिघडवत नाही, उलट भरीव करतो. समोरासमोर बसलेले दोन गट आळीपाळीने ओवी उचलतात, तेव्हा एकाचा स्वर विरत असतानाच दुसऱ्याचा सुरू होतो.

या घुमाऱ्याचं गणित सापडलं ते व्हिक्टोरिया राणीच्या अखेरच्या वर्षांत, तेही अमेरिकेत. हार्वर्डमधल्या एका व्याख्यानगृहात शब्द इतका घुमायचा की व्याख्यान कळेना. १८९५ पासून भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबाइन रात्री-अपरात्री, सगळं शांत झाल्यावर, तिथे शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या आणून मांडत. ऑर्गनची एक नळी वाजवून बंद करत आणि आवाज किती वेळ टिकतो ते मोजत. गाद्या वाढल्या की घुमारा घटे. एक माणूस जवळपास सहा गाद्यांइतका आवाज शोषतो, असंही त्यांना आढळलं.

म्हणजे ऐकणाराही त्या संगीतात भर घालत होता. लोकरी कोट घातलेल्या माणसांनी बाक भरले की उंच स्वर लवकर विरायचे आणि शब्द नीट ऐकू यायचे. आडवारच्या सायंप्रार्थनेला मोजकी माणसं असत. तेव्हा तोच गायकवृंद तेच ‘आमेन’ म्हणे, पण ते छताखाली बराच वेळ फिरत राही.