गॅस गीझर, कार्बन मोनॉक्साइड आणि घरातला अलार्म

सन्माननीय ग्राहक,

ठाण्यात गीझरच्या दुरुस्तीसाठी घरोघरी जाताना आम्हाला एक गोष्ट वारंवार आढळते. कबुतरांच्या त्रासाला कंटाळून बाथरूमची डक्टकडे उघडणारी काचपट्ट्यांची खिडकी थर्माकोल लावून बंद केलेली असते आणि त्याच चिंचोळ्या जागेत दार लावून गॅसचा गीझर चालवला जातो.

जळणाऱ्या गॅसला पुरेशी हवा मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. सिलिंडरच्या आणि पाइपलाइनच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम वास दिलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला मात्र रंग नाही आणि वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक घट्टपणे जोडला जातो. त्यामुळे शरीराला ऑक्सिजन कमी पडतो. डोके दुखते, मळमळते, चक्कर येते, आणि पित्त झाले असेल असे समजून आपण दुर्लक्ष करतो. घरातल्या अनेकांना एकाच वेळी त्रास होऊन बाहेर गेल्यावर बरे वाटत असेल, तर या वायूचा संशय घ्यावा. बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरवर विसंबू नये, कारण विषबाधा झालेली असतानाही तो आकडा चांगला दाखवू शकतो.

स्वयंपाकघरातील गॅसगळतीचा अलार्म हे काम करत नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा घ्यावा लागतो. ईएन ५०२९१ या युरोपीय मानकानुसार तो ५० पीपीएमला (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे ५० भाग असताना) ६० ते ९० मिनिटांत, तर ३०० पीपीएमला ३ मिनिटांच्या आत वाजला पाहिजे. वाफेमुळे बिघडू नये म्हणून तो बाथरूमबाहेर पॅसेजमध्ये आणि शक्यतो बेडरूममध्येही लावावा. टेस्टचे बटण दाबल्यावर आवाज आला म्हणजे सेन्सर ठीक आहे असे नव्हे. सेन्सरचे आयुष्य ठरावीक असते, म्हणून मागे छापलेली मुदत पाहून अलार्म बदलावा.

अलार्म वाजल्यास गॅस बंद करून, दारे-खिडक्या उघडून सर्वांनी ताबडतोब बाहेर पडावे आणि कोणाला त्रास होत असल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तपासणी होईपर्यंत गीझर पुन्हा लावू नये.

तरीही अलार्म हा दुसरा उपाय आहे, पहिला उपाय मोकळी हवा. बाथरूमच्या आत गॅस गीझर बसवण्याचे काम आम्ही घेत नाही, आणि स्लायडिंग खिडक्यांनी बंद केलेली ड्राय बाल्कनीही आम्ही मोकळी जागा मानत नाही. आपला गीझर आत असल्यास तो हलवेपर्यंत दार उघडे ठेवून बादली भरावी, गीझर बंद करावा आणि मगच आंघोळीला जावे. कबुतरांसाठी थर्माकोलऐवजी जाळी लावावी. ज्योत निळ्याऐवजी पिवळी दिसू लागली किंवा गीझरवर काजळी धरली, तर वार्षिक सर्व्हिसिंगची वाट न पाहता आम्हाला त्याच दिवशी कळवावे.