बाराव्या दिवसाच्या आधी

बारशाला बाळ किती जणांच्या हातांतून फिरतं! आजी, आत्या, शेजारच्या काकू, शाळेतून थेट आलेली भावंडं. यातल्या कुणाला उद्या ताप येणार असेल, तर आज ते माणूस ठणठणीत दिसतं. फ्लूचा विषाणू मात्र लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासूनच पसरू लागतो.

सहा महिन्यांखालच्या बाळाला फ्लूची लस देता येत नाही. आजीला देता येते आणि ती द्यायलाच हवी. पण वयाबरोबर प्रतिकारशक्ती मंदावते, तिच्या शरीरात विषाणूशी लढणारी प्रतिपिंडं कमी तयार होतात. म्हणून या दोघांसाठी घरातल्या बाकीच्यांनी दंड पुढे करायचा.

हे नुसतं सांगण्यापुरतं नाही. कॅनडात हटराइट नावाचा समाज आहे. शेतीच्या वस्त्यांमध्ये सगळे एकत्र राहतात, एकाच पंगतीत जेवतात. 2008-09 च्या हिवाळ्यात तिथल्या 49 वस्त्यांमध्ये एक प्रयोग झाला. काही वस्त्यांतल्या 3 ते 15 वर्षांच्या मुलांना फ्लूची लस दिली, उरलेल्या वस्त्यांतल्या मुलांना काविळीची. मग मोजदाद केली ती लस न घेतलेल्यांची. फ्लूची लस मिळालेल्या वस्त्यांमध्ये त्यांचं फ्लूचं प्रमाण तब्बल 61 टक्क्यांनी कमी भरलं. सुई टोचली पोरांना, वाचली मोठी माणसं!

आईची गोष्ट आणखी जवळची. गरोदरपणात तिने लस घेतली, की तिची प्रतिपिंडं वारेतून बाळापर्यंत पोचतात. बांगलादेशात शेवटच्या तिमाहीत लस घेतलेल्या आयांच्या बाळांना पहिल्या सहा महिन्यांत झालेला फ्लू 63 टक्क्यांनी कमी होता. हे संशोधन 2008 साली प्रसिद्ध झालं.

लस म्हणजे अभेद्य कवच नव्हे. त्या वर्षी फिरणाऱ्या विषाणूशी लशीची जुळणी चांगली जमली तरी आजार टाळण्याचं प्रमाण साधारण 40 ते 60 टक्के. विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते. इंजेक्शनच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्याने फ्लू होत नाही; दंड दुखेल, क्वचित कणकण येईल, तेवढंच.

आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात जोर धरतो, म्हणून एप्रिल-मे हा चांगला काळ. लस अंगात मुरायला दोन आठवडे लागतात, आणि बारसं असतं बाराव्या दिवशी. म्हणजे पाळणा हलवायला येणाऱ्यांनी बाळ जन्मायच्या आधीच लस घेतलेली असायला हवी.