डिलिव्हरी आणि इंट्राडे : शेअर बाजारातील प्राथमिक संज्ञा

शेअर विकत घेऊन तो आपल्या खात्यात जमा करून घेणे म्हणजे डिलिव्हरी. सकाळी घेतलेला शेअर बाजार बंद व्हायच्या आत विकून (किंवा आधी विकून मग घेऊन) भावातला फरक तेवढा पदरात पाडून घेणे, नाहीतर पदरचा भरणे, म्हणजे इंट्राडे. भारतीय शेअर बाजारात गुंतवणूक आणि ट्रेडिंग यांच्यातली रेघ व्यवहारात इथे पडते. दलालाच्या ॲपवर ही रेघ म्हणजे शेजारी शेजारी असलेले दोन पर्याय असतात, आणि नवख्या माणसाची पहिली चूक बहुधा तिथेच होते. शेअर किती दिवस ठेवला यावरून हा भेद सांगण्याचा प्रघात आहे. पण त्याहून नेमका प्रश्न असा, की माल, म्हणजे शेअर, उचलला की नाही? माल उचलणाऱ्याला पूर्ण पैसे मोजावे लागतात, मात्र त्यानंतर त्याला विकण्याची घाई कोणी करत नाही. फरकावर खेळणारा थोड्या पैशांत मोठा सौदा करतो, पण त्याच्यामागे घड्याळ लागलेले असते.

वडाखालच्या बाजारापासून

हा भेद मुंबईला नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला टाउन हॉलसमोर, आजच्या हॉर्निमन सर्कलच्या परिसरात, वडाच्या झाडाखाली शेअर दलाल जमत. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१-६५) तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, लँकेशायरच्या गिरण्या मुंबईच्या कापसावर अवलंबून राहिल्या आणि शहरात पैशाला पूर आला. तो पैसा रोज निघणाऱ्या नव्या कंपन्यांत शिरला. समुद्र हटवून जमीन करायला निघालेल्या बॅकबे रेक्लमेशन कंपनीच्या शेअरला तर दर्शनी किमतीच्या (शेअरवर छापलेल्या मूळ किमतीच्या) कित्येक पट भाव आला. यातले पुष्कळ सौदे मुदतीचे होते : माल आणि पैसे १ जुलै १८६५ ला द्यायचे, तोवर नुसता शब्द. एप्रिलमध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला, आणि मुदत भरली तेव्हा अनेकांकडे चुकते करायला पैसे नव्हते. या तेजीचे सूत्रधार प्रेमचंद रायचंद हेही त्यात बुडाले. त्यांच्या देणगीतून उभा राहिलेला, त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर मात्र अजून वेळ दाखवतो. १८७५ मध्ये दलालांनी आपली संघटना बांधली. तोच पुढचा मुंबई शेअर बाजार.

मुदतीची ही सवय ‘बदला’ या नावाने विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत टिकली. मुंबई शेअर बाजारात सोमवार ते शुक्रवार असा सौद्यांचा आठवडा असे. आठवड्यात घेतलेला माल उचलायचा नसेल, तर खरेदीदार व्याजासारखी रक्कम मोजून सौदा पुढच्या आठवड्यात ढकली आणि त्याच्या वतीने पैसे दुसराच कोणी भरी. उलट मंदीवाल्यांनी (भाव पडेल असे धरून चालणाऱ्यांनी) नसलेला माल इतका विकून ठेवला, की उसना मिळेनासा झाला, तर बदला त्यांनाच द्यावा लागे. त्याला बाजारात ‘उंधा बदला’ म्हणत. आठवड्यामागून आठवडे सौदा असा लोंबकळत ठेवता येई. घेणारा गुंतवणूकदार आहे की सट्टेबाज, हे कागदावरून कळायची सोय नव्हती. १९९२ चा रोखे घोटाळा उघडकीला आल्यानंतर, १९९३ च्या अखेरीस सेबीने (शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या नियामक संस्थेने) बदल्यावर बंदी घातली. तो सुधारून परत आला आणि जुलै २००१ मध्ये कायमचा गेला.

ज्याला खरोखर माल उचलायचा असे त्याचे हाल वेगळेच. शेअर म्हणजे तेव्हा छापील प्रमाणपत्र. त्यासोबत हस्तांतरणाचा अर्ज भरायचा, त्यावर मुद्रांकाची तिकिटे चिकटवायची आणि सगळे टपालाने कंपनीकडे धाडायचे. महिना-दोन महिन्यांनी लिफाफा परत यावा, तर आत शेरा : विक्रेत्याची सही जुळत नाही. याला ‘बॅड डिलिव्हरी’ म्हणत. मग विक्रेत्याला शोधत दलालामार्फत उलटा प्रवास. तोवर बोनस (फुकट मिळणारे जादा शेअर) किंवा लाभांश (नफ्यातला वाटा) जाहीर झाला, तर तो जुन्या मालकाच्याच पत्त्यावर जाई.

१९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने (एनएसई) संगणकाच्या पडद्यावर शेअरचे सौदे सुरू केले आणि पुढच्याच वर्षी दलाल स्ट्रीटच्या रिंगणातला आरडाओरडा थांबला. १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्याने कागद गेला. एनएसडीएल आणि सीडीएसएल या दोन डिपॉझिटऱ्यांकडे शेअर आता नोंदीच्या रूपात राहतात आणि आपले डिमॅट खाते त्यांच्याकडेच असते. दलाल किंवा बँक हा मधला दुवा. दलालाने गाशा गुंडाळला तरी डिमॅटमधला शेअर आपल्याच नावावर असतो, ही गोष्ट अनेक वर्षे बाजारात असलेल्यांनाही ठाऊक नसते. सौदा झाल्यावर माल आणि पैसे हातात पडण्याची मुदतही आक्रसत आली : २००२ मध्ये तीन दिवस, २००३ मध्ये दोन आणि २७ जानेवारी २०२३ पासून सर्व शेअरसाठी एक. याला ‘टी+१’ म्हणतात. सोमवारी घेतलेला शेअर मंगळवारी खात्यात दिसतो.

भाव कुठून येतो

पडद्यावर दिसणारा भाव म्हणजे शेवटच्या सौद्याचा भाव; पुढचा सौदा त्याच भावाला होईल असे नाही. प्रत्येक शेअरमागे दोन रांगा असतात. एकीत घेणारे, सर्वात जास्त देणारा पुढे. दुसरीत विकणारे, सर्वात कमी मागणारा पुढे. भाव सारखा असेल तर आधी आला त्याचा नंबर आधी. समजा, एका शेअरला सर्वात वरचा खरेदीदार ४११.९० रुपये देतो आहे. समोर विक्रेत्यांकडे ४१२.१० ला ५० शेअर आहेत, ४१२.४० ला ३० आणि ४१३.५० ला ४००. अशात कोणी १०० शेअरची ‘मार्केट ऑर्डर’ टाकली, म्हणजे ‘मिळेल त्या भावाला द्या’ म्हटले, तर त्याला ५० शेअर ४१२.१० ला, ३० शेअर ४१२.४० ला आणि उरलेले २० शेअर ४१३.५० ला मिळतील. एकूण ४१,२४७ रुपये, सरासरी ४१२.४७. त्याने ४१२.१० ची ‘लिमिट ऑर्डर’ टाकली असती, तर ५० शेअर लगेच मिळाले असते आणि बाकीचे ५० खरेदीच्या रांगेत सर्वात पुढे उभे राहिले असते. मोठ्या कंपन्यांत दोन रांगांमधले अंतर पाच-दहा पैशांचे असते, म्हणून हा फरक जाणवत नाही. रोज जेमतेम हजार शेअर हलणाऱ्या कंपनीत मार्केट ऑर्डर टाकणे म्हणजे भाव न विचारता गाडीवाल्याला पाकीट देणे.

‘स्टॉप लॉस’ म्हणजे भाव ठरावीक पातळीला उतरला की आपोआप जागी होणारी विक्रीची ऑर्डर. ती तोटा रोखायला धावते, पण हमी देत नाही. रात्री वाईट बातमी आली आणि सकाळी ९.१५ ला शेअर थेट खालीच उघडला, तर मधल्या पातळ्यांवर सौदाच होत नाही.

स्वस्त, महाग आणि ३०० टक्के लाभांश

आठ रुपयांचा शेअर स्वस्त आणि आठ हजारांचा महाग, ही समजूत एसटी स्टँडपासून शहरी हाउसिंग सोसायटीपर्यंत सगळीकडे सारखीच पक्की आहे. कंपनीचे किती तुकडे केले यावर एका तुकड्याचा भाव ठरतो. एकूण शेअर गुणिले भाव म्हणजे कंपनीचे बाजारमूल्य. हे मूल्य नफ्याच्या किती पट आहे, हे पी/ई गुणोत्तर सांगते : दर शेअरमागे वर्षाला २०.६० रुपये नफा आणि भाव ४१२, तर पी/ई २०. हा आकडा त्याच धंद्यातल्या दुसऱ्या कंपनीशी ताडून पाहायचा असतो. बँकेचा पी/ई साबणवाल्या कंपनीशी लावून काही हाती लागत नाही.

लाभांशाच्या बातम्या आणखी फसव्या. ‘कंपनीचा ३०० टक्के लाभांश’ असा मथळा वाचून माणूस चहा खाली ठेवतो. टक्केवारी असते ती दर्शनी किमतीवर. दर्शनी किंमत २ रुपये असेल, तर ३०० टक्के म्हणजे ६ रुपये. ४१२ ला शेअर घेणाऱ्याच्या दृष्टीने जेमतेम दीड टक्का. शिवाय ज्या दिवसापासून शेअर लाभांशाविना विकला जातो, त्या दिवशी भाव साधारण तेवढ्यानेच खाली उघडतो. आदल्या दिवशी घाईने घेणाऱ्याला फुकट काही मिळत नाही. उलट मिळालेल्या ६ रुपयांवर त्याच्या कर-टप्प्याप्रमाणे प्राप्तिकर लागतो. बोनस आणि स्प्लिट (एका शेअरचे अनेक शेअर करणे) यांनीही शेअरची संख्या वाढते आणि भाव त्या हिशोबात उतरतो. दहाची एक नोट मोडून पाचच्या दोन घेतल्यासारखे. तरीही बोनसच्या बातमीने भाव चढतो तो चढतोच.

डिलिव्हरी घेणाऱ्याची खरी कमाई कंपनीचा नफा वाढण्यातून येते आणि ती सावकाश येते. सेन्सेक्स या मुंबई शेअर बाजाराच्या निर्देशांकाचा पाया १९७८-७९ साली १०० धरलेला आहे. जुलै २०२४ मध्ये तो ८० हजारांवर गेला. लाभांश न धरता ही वाढ वर्षाला सरासरी १६ टक्क्यांच्या आसपास भरते. पण ही सरासरी कोणत्याही एका वर्षी घरी येत नाही. २००८ च्या जानेवारीत २१ हजारांपलीकडे गेलेला हाच निर्देशांक ऑक्टोबरात ८ हजारांखाली उतरला होता. २३ मार्च २०२० ला तो एका दिवसात १३ टक्के पडला. त्या दिवशी १० टक्क्यांची घसरण होताच व्यवहार पाऊण तास थांबवावे लागले. शिवाय निर्देशांकातल्या ३० कंपन्या बदलत राहतात, बुडत चाललेल्या बाहेर काढल्या जातात. आपल्या डिमॅटमधली मरगळलेली कंपनी अशी कोणी काढून नेत नाही. निर्देशांकाच्या फंडात एसआयपी करणाऱ्याला (दरमहा ठरावीक रक्कम गुंतवणाऱ्याला) ही छाटणी आयती मिळते.

फरकाचा खेळ

इंट्राडेत पूर्ण पैसे लागत नाहीत. सध्याच्या नियमांत निदान २० टक्के मार्जिन (अनामत) लागते, म्हणजे २० हजारांवर १ लाखापर्यंतचा सौदा करता येतो. भाव ४ टक्के उतरला, तर सौद्यावर तोटा ४ हजार. पण तो स्वतःच्या २० हजारांतून जातो, म्हणजे पाचवा हिस्सा एका दुपारीत. बाजार साडेतीनला बंद होतो. त्याच्या दहा-पंधरा मिनिटे आधी उरलेले सगळे सौदे दलालाची यंत्रणा स्वतःच कापते, मग भाव काही का असेना.

‘शॉर्ट’ करणे, म्हणजे हातात नसलेला शेअर आधी विकून भाव पडल्यावर घेणे, हे इंट्राडेत सर्रास चालते. अडचण होते ती शेअरला ‘अप्पर सर्किट’ लागल्यावर. वाढीची दिवसभराची मर्यादा गाठली जाते, विक्रेत्यांची रांग रिकामी पडते, आणि शॉर्ट करणाऱ्याला परत घ्यायला शेअरच मिळत नाही. दुसऱ्या दिवशी माल देणे तर बंधनकारक. मग एक्स्चेंज, म्हणजे शेअर बाजार, लिलावात तो शेअर विकत घेऊन खऱ्या खरेदीदाराला देते आणि भावातला फरक व दंड शॉर्टवाल्याच्या खात्यातून कापला जातो. उंधा बदला गेला असला, तरी ज्या कोंडीतून तो निर्माण होई ती अशी अधूनमधून डोके वर काढते.

फ्युचर्स (ठरलेल्या भावाने पुढच्या तारखेला घेण्या-विकण्याचे करार) आणि ऑप्शन्स (तसे घेण्या-विकण्याचा हक्क, सक्ती नाही), म्हणजेच एफ अँड ओ, २०००-०१ मध्ये, बदला जात असतानाच, आले. मुदतीचा सौदा त्यांच्यामुळे पुन्हा अधिकृत झाला. फरक एवढाच, की रोजचा तोटा रोज वसूल होतो आणि हमी सौदे चुकते करून देणाऱ्या क्लिअरिंग कॉर्पोरेशनची असते. नवख्यांची ओढ आज सर्वात जास्त इकडे आहे, कारण ऑप्शनचा प्रीमियम (त्या हक्काची किंमत) शे-दोनशे रुपयांपासून सुरू झाल्यासारखा दिसतो. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओमधल्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात गेले आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. रोख बाजारातल्या इंट्राडेसाठी २०२२-२३ चा आकडा दहापैकी सात. टेलिग्रामवर नफ्याचे स्क्रीनशॉट टाकणारे बहुतेक ‘गुरू’ याच बाजारात वावरतात, आणि त्यांची कमाई सौद्यांपेक्षा कोर्सच्या फीमधून अधिक होते असा संशय घ्यायला भरपूर वाव आहे. सल्ला देणाऱ्याचा सेबी नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. ते काम दोन मिनिटांचे आहे.

कर

डिलिव्हरीच्या खरेदी आणि विक्री दोन्हींवर ०.१ टक्का रोखे व्यवहार कर (एसटीटी) लागतो, इंट्राडेत फक्त विक्रीवर ०.०२५ टक्के. म्हणून इंट्राडे स्वस्त वाटते. पण तोच पैसा महिन्यात वीस वेळा फिरवला की हिशोब उलटतो, त्यात दलाली, मुद्रांक आणि जीएसटी वेगळे. २३ जुलै २०२४ पासून एक वर्षाहून जास्त ठेवलेल्या शेअरच्या नफ्यावर, वर्षाला १.२५ लाखांवरच्या रकमेला, १२.५ टक्के कर आहे आणि वर्षाच्या आत विकल्यास २० टक्के. इंट्राडेचा नफा भांडवली नफ्यात बसतच नाही. कायदा त्याला सट्ट्याचा धंदा मानतो. हा तोटा सट्ट्याच्याच नफ्यातून वजा होतो आणि चार वर्षेच पुढे ओढता येतो. डिलिव्हरीतला भांडवली तोटा आठ वर्षे. गंमत म्हणजे मान्यताप्राप्त एक्स्चेंजवरच्या एफ अँड ओला हाच कायदा सट्टा म्हणत नाही, साधा धंदा म्हणतो.