मार्था, मरीया व लाजर, संत

(स्मरणदिन : २९ जुलै). जेरुसलेमपासून सुमारे तीन किमी. वर असलेल्या बेथानी या गावातील दोन बहिणी व त्यांचा भाऊ. शुभवर्तमानांत (बायबलमधील येशूच्या चार चरित्रांत) हे येशूचे स्नेही व यजमान म्हणून येतात. कॅथलिक पंचांगात २९ जुलै हा दिवस पूर्वी एकट्या मार्थेचा होता. पोप फ्रान्सिस यांच्या संमतीने २६ जानेवारी २०२१ रोजी निघालेल्या आदेशाने तो तिघा भावंडांचा संयुक्त स्मरणदिन झाला. नागपूरच्या कॅथलिक इतिहासात ही तारीख आणखी एका कारणाने नोंदली जाते : विशाखापट्टणमच्या धर्मप्रांतातून (बिशपच्या अधिकारक्षेत्रातून) वेगळा काढलेला नागपूर धर्मप्रांत २९ जुलै १८८७ रोजी स्थापन झाला, असे मानले जाते (महाधर्मप्रांताचा दर्जा १९५३). रोमने तारीख मार्थेकडे पाहून निवडली असावी, असे मानण्यास मात्र आधार नाही. योगायोग म्हणणेच बरे.

मराठी बायबलमध्ये ही नावे मार्था, मरीया व लाजर अशी रूढ आहेत. मिशनरी शाळांच्या प्रभावामुळे ‘मेरी’, ‘लॅझरस’ हे उच्चारही ऐकू येतात. लूककृत शुभवर्तमानातील दृष्टांतात श्रीमंताच्या दाराशी पडलेला, अंगभर फोड आलेला जो दरिद्री लाजर आहे, तो या लाजरापासून वेगळा. मध्ययुगात दोघांची सरमिसळ झाली; कुष्ठरोग्यांच्या आश्रमांना व त्यांची सेवा करणाऱ्या संघाला मिळालेले लाजराचे नाव मुळात दृष्टांतातल्या लाजराचे दिसते.

शुभवर्तमानांतील प्रसंग तीन. पाहुणचाराच्या धावपळीत असलेली मार्था आणि येशूच्या पायाशी बसून ऐकणारी मरीया (लूक १०); चार दिवस कबरीत असलेल्या लाजराला येशूने उठवणे (योहान ११); आणि बेथानीतील भोजनाच्या वेळी मरीयेने येशूच्या पायांना लावलेले सुगंधी तेल (योहान १२). तिन्ही कथा परिचित असल्याने येथे विस्तार केलेला नाही. दोन गोष्टी मात्र सहज नजरेतून सुटतात. लाजराच्या तोंडी चारही शुभवर्तमानांत एकही वाक्य नाही. आणि ‘तू ख्रिस्त, देवाचा पुत्र आहेस’ ही कबुली, जी अन्यत्र येशूचा प्रमुख शिष्य पेत्र याच्या तोंडी आहे, ती योहानाने मार्थेच्या तोंडी घातली आहे. तेलाबद्दलही थोडेसे : मराठी बायबलने त्यासाठी ‘जटामांसी’ हाच शब्द योजला आहे आणि तो नेमका आहे. ही वनस्पती हिमालयातली. तिचे मूळ आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात आजही मिळते. पहिल्या शतकात ते पश्चिमेकडे इतके महाग होते की त्या तेलाची किंमत तीनशे दीनार, म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षाची मिळकत, सांगितली आहे.

मरीया कोण, हा या नोंदीतील खरा वादाचा प्रश्न. योहान ११:२ मध्ये ‘जिने प्रभूला सुगंधी तेल लावले ती ही मरीया’ असे वाक्य आहे. ते पुढच्याच अध्यायातील प्रसंगाला उद्देशून आहे, असे बहुतेक आधुनिक भाष्यकार मानतात. पण लूक ७ मध्येही एक अनामिक पापी स्त्री येशूच्या पायांना तेल लावते. योहानाचे वाक्य तिच्याकडे बोट दाखवते असे धरले, तर बेथानीची मरीया आणि ती स्त्री एकच ठरतात. त्यात, जिच्यातून सात भुते निघाली होती ती येशूची शिष्या मरीया मग्दालीया मिसळली, की तीन स्त्रियांची एक होते. पोप ग्रेगरी पहिले यांनी इ. स. ५९१ च्या सुमाराच्या एका प्रवचनात ही एकरूपता स्पष्टपणे मांडली आणि लॅटिन (पाश्चात्त्य) चर्चने ती हजाराहून अधिक वर्षे जपली. पौर्वात्य चर्चने या स्त्रिया वेगळ्याच मानल्या. पश्चिमेत झाक लफेव्र देताप्ल या फ्रेंच विद्वानाने १५१७ मध्ये या एकरूपतेवर आक्षेप घेतला तेव्हा मोठे वादळ उठले. पॅरिस विद्यापीठाच्या धर्मशास्त्र शाखेने १५२१ मध्ये त्याचे मत निषिद्ध ठरवले. आज तीन वेगळ्या स्त्रिया हेच मत सामान्यतः ग्राह्य धरले जाते आणि शुभवर्तमानांच्या पाठाशीही तेच अधिक जुळते.

या वादाचा तारखेशी थेट संबंध आहे. मग्दालीयेचा सण २२ जुलैला. मोठ्या सणाच्या आठव्या दिवशी त्याची पुनरावृत्ती करण्याची जुनी प्रथा होती. २२ पासून मोजल्यास आठवा दिवस २९ जुलै येतो. तेव्हाच्या समजुतीप्रमाणे मार्था ही मग्दालीयेची बहीण, म्हणून त्या दिवशी तिचे स्मरण. फ्रान्सिस्कन संघाने १२६२ मध्ये ते सुरू केले, असे सांगितले जाते. म्हणजे मार्थेला तिची तारीख मिळाली ती बहिणीच्या चुकलेल्या ओळखीमुळे. १९६९ च्या रोमन पंचांग-सुधारणेत मग्दालीया बेथानीच्या मरीयेपासून वेगळी केली गेली, परंतु त्यामुळे मरीयेला स्वतःचा दिवस उरला नाही. मार्था तेवढी २९ जुलैला राहिली. लाजराचे नाव संतनामावलीत १७ डिसेंबरला असे, पण सर्वसाधारण पंचांगात त्याला जागा नव्हती. बेनेडिक्टाइन मठांनी तिघांना ‘प्रभूचे यजमान’ म्हणून एकत्र स्मरण्याची रीत ठेवली होती, आणि रोमपासून वेगळ्या असलेल्या लुथरन व अँग्लिकन चर्चच्या काही पंचांगांतही २०२१ च्या आधीपासून तिघे एकत्र आहेत. या बाबतीत रोम मागाहून आले.

पुढील चरित्राविषयी विश्वसनीय माहिती नाही. आख्यायिका मात्र भरपूर आहेत व त्या परस्परांना छेद देतात. पूर्वेकडील परंपरेनुसार लाजर सायप्रसमधील किटिऑनचा (सध्याचे लार्नाका) बिशप झाला, इ. स. ८९० च्या सुमारास तेथे त्याच्या नावाची शवपेटी सापडली आणि बायझंटाइन सम्राट लिओ सहावा याने अवशेष कॉन्स्टँटिनोपलला नेले. फ्रान्समधील परंपरा त्याला मार्सेचा बिशप मानते आणि मार्थेने तारास्काँ येथे तारास्क नावाच्या राक्षसी प्राण्याला वश केल्याचे सांगते. तेथे मार्थेचे अवशेष ११८७ मध्ये ‘सापडले’. फ्रेंच परंपरेचे पुरावे अकराव्या शतकामागे जात नाहीत, हे लुई द्युशेन या चर्च-इतिहासकाराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवून दिले; पाचव्या शतकातील लाजर नावाच्याच एका बिशपमुळे घोटाळा झाला असावा. सायप्रसची परंपरा त्यामानाने जुनी आहे, एवढेच म्हणता येते. बेथानीचे सध्याचे अरबी नाव अल-एझरिया हे लाजरावरूनच आलेले आहे.

नागपूरशी या संतांचा विचाराच्या अंगाने संबंध जोडायचा तर तो संत फ्रान्सिस दि सेल्स (१५६७–१६२२) यांच्यामार्फत जोडावा लागतो. नागपूरच्या सदर भागातील कॅथेड्रल (बिशपचे मुख्य चर्च) त्यांच्या नावाचे असून शहरात ‘एसएफएस’ ही आद्याक्षरे शाळा-महाविद्यालयांमुळे सर्वपरिचित आहेत. त्यांचे नाव घेतलेला, अ‍ॅनसी येथे १८३८ मध्ये स्थापन झालेला मिशनरी संघ १८४५ च्या सुमारास भारतात आला आणि नागपूरचे पहिले बिशप अलेक्सी रिकाझ याच संघाचे. फ्रान्सिस यांनी १६०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भक्तिजीवनावरील ग्रंथात लूक १० मध्ये धावपळ करणाऱ्या मार्थेला समजावताना येशूने मारलेली ‘मार्था, मार्था’ ही हाक उद्धृत केली आहे. काम काळजीपूर्वक करावे पण त्याची तगमग करू नये, असे ते तेथे सांगतात. मार्थेचे काम चुकीचे नव्हते, तिचा जीव टांगणीला लागला हे चुकले. मध्ययुगीन भाष्यांत मार्था म्हणजे कर्म व मरीया म्हणजे ध्यान, आणि ध्यान श्रेष्ठ, अशी वाटणी रूढ होती. घरसंसारातल्या माणसांसाठी लिहिणाऱ्या फ्रान्सिस यांनी ती बरीच सैल केली. त्यांच्या सहकारी जेन द शांताल यांच्यासह १६१० मध्ये स्थापलेल्या स्त्रियांच्या संघाला आधी मार्थेचे नाव देण्याचा त्यांचा विचार होता, असेही सांगतात. पुढे त्याला येशूची आई मरीया हिने आपली नातलग अलीशिबा हिला दिलेल्या भेटीवरून नाव मिळाले.

उपासनेच्या दृष्टीने २९ जुलै हा सण नव्हे, स्मरणदिन आहे. तो रविवारी आला तर रविवारची मिस्सा (मुख्य उपासना) चालते व स्मरण गळते. नागपुरात हा भर पावसाळ्याचा दिवस. संत रक्तसाक्षी (श्रद्धेसाठी प्राण दिलेले) नसल्याने धर्मगुरूंची वस्त्रे पांढरी असतात. या दिवसासाठी खास शुभवर्तमान नेमलेले आहे, जे साध्या स्मरणदिनांना सहसा नसते. योहान ११ मधील मार्थेची कबुली किंवा लूक १० मधील तिला मिळालेली समज, यांपैकी कोणते वाचायचे याची निवड धर्मगुरूंकडे राहते.