‘अर्थ’ मोजायची पट्टी

गेल्या महिन्यात शेजारचा मुलगा संध्याकाळी मोबाईल घेऊन आला. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत तो मोल्डिंगला आहे. कंपनीनं सगळ्या कामगारांना एक फॉर्म पाठवला होता. मराठी किंवा कन्नड, ज्याला जी हवी ती भाषा. पहिलंच वाक्य होतं, ‘माझे काम मला अर्थपूर्ण वाटते’. खाली 1 ते 5 आकडे. यानं 2 दिले होते. का, असं विचारलं तर म्हणाला, ‘‘ह्या पगारात कसलं अर्थपूर्ण, काका?’’ त्याच्याच पाळीत, त्याच्याच शेजारी साचे भरणाऱ्या बैलहोंगलच्या मित्रानं कन्नड फॉर्मवर त्याच वाक्याला 5 दिले होते. कारण? सहा वर्षं झाली, ह्या कामातलं त्याला सगळं कळतं.

दोघंही खरंच बोलत होते. मराठीत ‘अर्थ’ म्हणजे आशय, तसाच पैसाही. अर्थखातं, अर्थसंकल्प हे शब्द रोजचे, आणि वर्तमानपत्रातले ‘अर्थपूर्ण व्यवहार’ कसले असतात तेही सगळ्यांना ठाऊक. कन्नडमध्ये रोजच्या बोलण्यात ‘अर्थ आयितु’ म्हणजे ‘कळलं’. एकानं पगाराचं उत्तर दिलं, दुसऱ्यानं समजुतीचं. कामात माणसाला काय गवसतं, हे दोघांनाही विचारलंच गेलं नाही.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत आलो. ‘मनातलं कुठं आकड्यात मोजता येतं का’ हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की आज त्याचं उत्तर नीट द्यावं असं वाटतं. मोजता येतं. मात्र त्यासाठी पट्टी घडवावी लागते, आणि ती घडवण्याची रीत मला आपल्या फाउंड्रीतल्या साच्याइतकीच सुंदर वाटते.

सहमती-असहमतीच्या पायऱ्यांवर उत्तर घ्यायची पद्धत 1932 साली रेन्सिस लिकर्ट यांनी मांडली. कामाच्या अर्थाबद्दल आज बरीच वापरली जाणारी एक प्रश्नावली मायकेल स्टेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात दहा वाक्यं आणि तीन भाग आहेत. काम आपल्याला मोलाचं वाटतं का, कामामुळं आपलं आयुष्य आपल्याला अधिक उमगतं का, आणि कामाचा इतरांना उपयोग होतो असं वाटतं का. पगार त्यात कुठंच नाही, कौशल्यही नाही.

पण दहा वाक्यं कशाला? एकच थेट प्रश्न का नाही? कारण एका वाक्यात एखादा शब्द अडखळवतो, एखाद्याचा त्या दिवशी मूड गेलेला असतो. दहा वाक्यांत या चुका वेगवेगळ्या दिशांना जातात आणि बेरजेत बऱ्याचशा एकमेकींना खातात. मनात जे खरोखर आहे ते मात्र दहाही उत्तरांना एकाच बाजूला ढकलतं. ते खरंच ढकलतंय का, हे तपासायचं सूत्र ली क्रॉनबॅक यांनी 1951 मध्ये दिलं. त्याला अल्फा म्हणतात.

अल्फा समजायला प्रचरण एवढी एकच गोष्ट लागते: लोकांची उत्तरं सरासरीपासून किती पसरली आहेत, याचं माप. समजा चारच वाक्यं आहेत आणि प्रत्येकाचं प्रचरण 1 आहे. चौघांची बेरीज 4. आता प्रत्येक कामगाराच्या चारही उत्तरांची बेरीज करा आणि त्या बेरजांचं प्रचरण काढा. वाक्यांचा एकमेकांशी काहीच संबंध नसेल तर तेही 4 येईल. चारही वाक्यं तंतोतंत एकच गोष्ट विचारत असतील, तर जो एकीकडे वर तो सगळीकडे वर, आणि प्रचरण थेट 16 होईल. अल्फा म्हणजे 1 मधून 4 भागिले हे प्रचरण वजा करायचं आणि उत्तराला चार तृतीयांशानं गुणायचं. 4 असेल तर अल्फा शून्य, 16 असेल तर 1, मध्ये कुठं 10 असेल तर 0.8. वाक्यं एका सुरात बोलतायत की नाही, हे नुसत्या पसाऱ्यावरून कळतं. कुणाच्याही मनात डोकवावं लागत नाही!

आता यातली मेख पाहा. स्टेगर यांच्या दहा वाक्यांत एक मुद्दाम उलटं आहे: माझ्या कामानं जगात काही फरक पडत नाही. न वाचता सगळीकडे 5 ठोकणारा यात सापडतो. मोजताना त्याचे गुण उलटवायचे असतात. आपल्या चार एकसुरी वाक्यांतलं एक उलटं असेल आणि ते उलटवायचं राहिलं, तर बेरीज चौपट होण्याऐवजी दुप्पटच होते, प्रचरण 16 वरून 4 वर येतं आणि अल्फा 1 वरून शून्यावर. एका वाक्यानं! आणि आपल्याकडं तोंडी विचारलं, ‘‘तुमच्या कामानं काही फरक पडत नाही?’’ आणि उत्तर आलं ‘‘नाही’’, तर ते ‘नाही, पडत नाही’ की ‘नाही, पडतो’, हे विचारणाऱ्यालाच ठरवावं लागतं.

तरी अल्फा चांगला आला म्हणून पट्टी खरी ठरत नाही. बोटांच्या ठशांवरून ‘तुम्हाला कोणतं काम मानवेल’ सांगणाऱ्या चाचण्या पालकांना आणि कंपन्यांना विकल्या जातात. ठसे आईच्या पोटातच घडतात आणि जन्मभर बदलत नाहीत, म्हणून ती चाचणी कितीही वेळा केली तरी उत्तर तेच. पण ठशांवरून माणसाचा कल कळतो याला कसलाही शास्त्रीय आधार नाही. दर वेळी तीच चूक दाखवणारा काटा तो काटा नव्हे. पत्रिका पाहून नोकरी निवडणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे.

आता आपल्या भागाचा खरा प्रश्न. प्रश्नावली भाषांतरित केली की ती दुसऱ्या कुणाकडून परत मूळ भाषेत आणून ताडून पाहतात. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी 1970 मध्ये ही रीत नीट मांडली. पण ‘अर्थ’ हा शब्द या चाळणीतून अलगद सुटतो. मराठीतून इंग्रजीत परत नेला तरी ‘मीनिंग’, कन्नडमधून नेला तरी ‘मीनिंग’. कागदावर सगळं ठीक, आणि फाउंड्रीत एकाचे 2, दुसऱ्याचे 5.

यावरची तपासणी जरा गणिती आहे. प्रत्येक वाक्याच्या उत्तराची एक सरळ रेषा मानतात: मनातली भावना वाढली की उत्तर किती चढतं हा तिचा चढ, आणि भावना ठरावीक पातळीवर असताना उत्तर कुठून सुरू होतं ही तिची पातळी. दोन्ही भाषांत चढ सारखा हवा, तर या भावनेच्या इतर गोष्टींशी असलेल्या संबंधांची तुलना करता येते. पातळीही सारखी हवी, तरच सरासऱ्यांची तुलना करता येते. पातळी वेगळी असेल तर ते दोन तराजू आहेत, एकाचा काटा रिकामाच असताना अर्ध्या किलोवर. त्यांवरची वजनं शेजारी मांडून कुणी ‘मराठी कामगारांचं कामात मन नाही, कन्नड कामगारांचं आहे’ असा तक्ता केला, तर बेळगावात तो तक्ता किती लांब जाईल हे मी सांगायला नको. आधीच इथं दोन भाषांमध्ये पुरेसं काही आहे. त्यात भाषांतराची चूक माणसांच्या स्वभावावर खपवणं मला अक्षम्य वाटतं.

त्या मुलाला मी नंतर फॉर्म बाजूला ठेवून विचारलं, कास्टिंग साच्यातून निघालं की तू पहिलं काय करतोस? त्यानं ताटलीवर चमचा वाजवून दाखवला. हातोडीनं टिचकी मारायची. खणखणीत आवाज आला तर माल चांगला, बद्द वाजला तर आत चीर. ‘‘सकाळचा पहिला आवाज खणखणीत आला की बरं वाटतं बगा, दिवसाचं चीज झालं असं.’’ ‘चीज झालं’ हे शब्द फॉर्ममध्ये नव्हते. कन्नडमध्ये त्याच्या मित्रानं यासाठी ‘सार्थक’ म्हटलं असतं का? तो शब्द दोन्ही भाषांत आहे आणि त्यात पगारही येत नाही, समजही येत नाही. पण तेही मी घरी बसून ठरवू शकत नाही. प्रत्येक भाषेतली दहा-दहा माणसं बसवायची, एकेक वाक्य वाचून ‘यातून तुम्हाला काय कळलं’ ते त्यांच्याच शब्दांत बोलायला लावायचं, आणि मगच 1 ते 5 छापायचे. उद्यमबागेत त्याला जेवणाच्या दोन-तीन सुट्ट्या पुरतील.